चेक हातात आहे, मग उधारी वेगळी कशाला सिद्ध करायची?

तुम्ही विचारलंत म्हणून. ‘सही त्याचीच आहे, बँकेने चेक परत केलाय, मग कोर्टात अजून काय दाखवायचं?’ उधारीवर माल देणारे दुकानदार हा प्रश्न हमखास विचारतात.

सही मान्य झाली की चेकच्या कायद्याचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३९ तुमच्या बाजूने उभं राहतं. चेक देण्यामागे देणं होतं, असं कोर्ट गृहीत धरतं. पण हे गृहीतक खोडता येतं आणि त्यासाठी आरोपीला स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात यावंही लागत नाही. तुमच्या उलटतपासणीतून त्याचं काम भागतं, बहुतेक वेळा तुमच्याच खातेउताऱ्यावरून.

समजा, प्लायवूडच्या बाकीपोटी २,४०,००० रुपयांचा चेक घेतला. नंतर गिऱ्हाइकाने ५०,००० यूपीआयने पाठवले, तुम्ही ते खात्याला जमा केले, बाकी राहिली १,९०,०००. तरी चेक तसाच बँकेत टाकला, तो परत आला आणि पैसे मागणाऱ्या कायदेशीर नोटिशीतही २,४०,००० मागितले. समोरचा वकील खातेउतारा तुमच्याच हातात देतो, जमेच्या त्या एका ओळीवर बोट ठेवतो आणि विचारतो, ‘चेक टाकला त्या दिवशी बाकी किती होती?’ दशरथभाई खटल्यात (२०२२) सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच सांगितलं आहे: मधल्या काळात काही रक्कम आली असेल तर त्याच कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे तिची नोंद चेकवर करून उरलेल्या रकमेपुरताच तो वटवायला टाकायचा. त्यापेक्षा जुना चेक परत देऊन बाकीच्या रकमेचा नवा घेणं सोपं. नोटिशीतही नोंद करून उरलेली किंवा नव्या चेकवरची रक्कमच मागा. व्याज आणि नोटिशीचा खर्च वेगळ्या ओळीत लिहा, बेरीज करून एकच आकडा टाकू नका.

मग तारखा. चेक परत आल्याचं ५ जूनला कळलं, तर नोटीस ५ जुलैपर्यंत पाठवायची. ती १० जुलैला पोहोचली, तर पैसे द्यायला त्याला २५ जुलैपर्यंत मुदत. २६ जुलैला तक्रारीचं कारण घडतं, आणि तक्रार २६ ऑगस्टपर्यंत दाखल व्हायला हवी. ‘पुढच्या आठवड्यात देतो’ या एका फोनवर हे सगळं वेळापत्रक कोलमडतं. चेकच्या तारखेपासूनचे तीन महिने शिल्लक असतील तर तो पुन्हा टाकता येतो, नसतील तर ती वाट बंद. नोटीस पाठवल्याची पावती आणि पोहोच दोन्ही जपून ठेवा. चेक कंपनीचा असेल तर नुसत्या सही करणाऱ्या संचालकावर केस टिकत नाही. कंपनीलाही नोटीस आणि कंपनीही आरोपी.

‘माल आलाच नाही, चेक सिक्युरिटी म्हणून कोरा दिला होता’ हा ठरलेला बचाव. नुसत्या कोरेपणाने गृहीतक जात नाही, पण मालाची पोहोच नसेल तर त्या बचावाला बळ येतं. जीएसटी बिल तुम्हीच बनवलेलं असतं. त्यामुळे खरी किंमत आहे ती माल घेणाऱ्याची सही-शिक्का असलेल्या डिलिव्हरी चलनाला, ट्रान्सपोर्टच्या बिल्टीला आणि ई-वे बिलाला. साइटवरच्या मुकादमाने सही केली असेल तर त्याचं नाव तिथेच लिहून घ्या. दोन वर्षांनी ती वेलांटी कोणाची, हे कोणालाच सांगता येत नाही. हिशेबवहीतली नोंद पुरावा म्हणून चालते, पण तेवढ्यावरच कोणाच्या अंगावर देणं लादता येत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २८ तसं स्पष्ट म्हणतं. ‘बाकी मान्य, दिवाळीनंतर देतो’ असा व्हॉट्सॲप मेसेज असेल तर सोनंच, मात्र नुसती प्रिंट नेऊ नका. सोबत त्याच अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, दोन भागांत: एक तुमचं, एक तज्ज्ञाचं. तो मूळ फोनही विकू नका.

आणखी एक गोष्ट फार उशिरा लक्षात येते. चेकची फौजदारी केस चालू आहे म्हणून दिवाणी दाव्याची तीन वर्षांची मुदत थांबत नाही. केस रेंगाळली आणि दावा लावलाच नाही, तर व्याजासकट वसुलीचा रस्ता बंद होतो. मुदत संपण्याआधी सहीनिशी बाकी मान्य करून घेतली तर तीन वर्षं नव्याने सुरू होतात. व्यापारी व्यवहारात रक्कम ३ लाख किंवा जास्त असेल आणि मनाई हुकमासारखा तातडीचा अंतरिम आदेश नको असेल, तर दाव्याआधी मध्यस्थीसाठी अर्ज करावाच लागतो. तो न करता दाखल केलेला दावा कोर्ट फेटाळतं.