उंबऱ्यापलीकडची झाडलोट

घरातला केर उंबऱ्याबाहेर लोटला की आपले काम संपले, ही समजूत जिथे मोडते तिथूनच गावाच्या स्वच्छतेला खरी सुरुवात होते, असे मला वाटते. रॉबर्ट चाल्डिनी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह १९९० साली प्रसिद्ध केलेले प्रयोग याबाबतीत बोलके आहेत. आधीच अस्वच्छ असलेल्या जागेत माणसे हातातला कागद सहज टाकून देतात, स्वच्छ जागेत मात्र त्यांचा हात अडखळतो. (गंमत म्हणजे, लख्ख जागेत एखादाच कचरा ठळकपणे पडलेला असेल, तर टाकणारे आणखी कमी होतात, बाकीची स्वच्छता तेव्हा नजरेत भरते.)

दंड आणि फलक यांचे मोल मी नाकारत नाही, परंतु आपल्या गावाविषयीचा अभिमान त्यांहून अधिक टिकतो. आयर्लंडमध्ये १९५८ साली सुरू झालेल्या ‘टायडी टाउन्स’ या स्पर्धेत पहिल्या वर्षी डोनेगल परगण्यातील ग्लेंटीज हे गाव विजयी ठरले, आणि आज तिथे गुण देताना केवळ कचरा नव्हे, तर इमारतींची निगा, हिरव्या जागा, जैवविविधता आणि गावात शिरणारे रस्ते यांचाही विचार होतो.

हे शेवटचे मला विशेष पटते, कारण चौक सजवणे सोपे असते आणि तिथे छायाचित्रेही निघतात. वेशीवरचा उकिरडा हटवायला मात्र त्याच उत्साही मंडळींपैकी मोजकेच हात उरतात.