एक जेट गेलं आणि समोर उधाणाची ओहोटी

मी मूळचा लाकडी लाँचवरचा माणूस. एक इंजिन, मागे पंखा, पंख्यामागे सुकाणू, यातच वीस वर्षं गेली. तीन वर्षांपूर्वी मुंबई बंदरात नांगरलेल्या जहाजांवर माणसं ने-आण करायला मला दोन इंजिनांची जेट बोट दिली आणि जेट्टीला लावायचं सगळं नव्याने शिकावं लागलं.

जेटला ना बाहेर पंखा ना सुकाणू. बोटीच्या पोटाखालून पाणी ओढलं जातं, इम्पेलर, म्हणजे आतला फिरता पंखा, ते जोरात मागे फेकतो, पाणी बाहेर सोडणारं तोंड म्हणजे नोझल, ते डावी-उजवीकडे वळतं आणि मागे जायचं असेल तर नोझलवर बकेट नावाचं झाकण खाली येतं, ते पाणी पुढच्या बाजूला वळवतं. बकेट अर्धी ठेवली की बोट जागच्या जागी उभी राहते, पण नोझलचा जोर तसाच राहतो. म्हणून जेट्टीजवळ आल्यावर लाँचवाल्यासारखं थ्रॉटल (इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारा दांडा) खाली पाडायचं नाही, पाणी फेकणं कमी झालं की स्टिअरिंगही गेलं. दुसरं म्हणजे आमच्या बोटीत स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, डावीकडेच जाते, पुढे चाललो असू की मागे. गाडी रिव्हर्स घेणाऱ्या माणसाचा हात इथे हमखास चुकतो.

बोट आडवी सरकवणं तर हातात बसायलाच मला दोन महिने लागले. जेट्टी डावीकडे असेल तर डावं जेट मागे, उजवं पुढे आणि स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे जेट्टीच्या उलट! नोझल पिछाडीला जेट्टीकडे ढकलतं, दोन इंजिनांचा पीळ नाळेला जेट्टीकडे आणतो, दोन्ही जुळले की बोट खेकड्यासारखी सरकते.

आता त्या दिवसाचं. कोजागिरीचा दुसरा दिवस, उधाण. आपल्याकडे पौर्णिमा-अमावस्येला भरती दुपारी बाराच्या आसपास पूर्ण होते, त्यामुळे तीन वाजता धरमतरच्या खाडीतून ओहोटीचं पाणी नुसतं धावत होतं. बोटीवर चौदा कामगार, दिवसभर काम करून दमलेले. पाण्याचा करंट नाळेवर घेऊन मी जेट्टी डाव्या हाताला ठेवली आणि आडवं सरकवायला सुरुवात केली, सात-आठ मीटर राहिले असतील तेवढ्यात उजव्या इंजिनाचा आवाज बदलला, फेऱ्यांचा काटा बाराशेवरून एकदम एकोणीसशेवर गेला आणि बोटीला त्या बाजूने काही जोरच नाही. मला कळलं, पाणी ओढणाऱ्या तोंडावरच्या जाळीत काहीतरी अडकलंय, इम्पेलरला पाणी मिळत नाहीये. तरी हात सवयीने थ्रॉटलवर गेला, मी अजून दाबलं, ते चुकलं. जास्त ओढलं की कचरा जाळीला जास्तच चिकटतो.

"दादा, मागं चाललो आपण!" खलाशी नाळेवरून ओरडला.

खरंच, डावं एकटं मागे ओढत होतं, वरून ओहोटी, आणि जेट्टीच्या खालच्या टोकाला एक मासेमारी होडी बांधलेली, तिच्यावर एक म्हातारबा जाळं शिवत बसलेले. मी उजवं इंजिन बंद केलं, डावी बकेट पूर्ण वर घेतली, थ्रॉटल वाढवलं. पिछाडी त्या होडीपासून हातभर अंतरावर थांबली. म्हातारबांनी सुई खाली ठेवून दोन्ही हात आमच्या बोटीकडे केले होते, ते हात अजून डोळ्यासमोर आहेत.

एका जेटवर आडवं सरकता येत नाही. मग लाँचवरचं जुनं ज्ञान कामाला आलं. डाव्या जेटने करंटला तोलून धरलं, बोट ना पुढे ना मागे, आणि नाळ जराशी, अगदी जराशी जेट्टीकडे दाखवली. करंट उजव्या अंगावर लागला आणि पाण्यानेच आम्हाला आत ढकलायला सुरुवात केली. खलाश्याला सांगितलं, "पुढचा दोर आधी दे, मागचा विसर." त्याने पहिल्या फेकीत बोलार्डला, जेट्टीवरच्या दोर बांधायच्या खुंटाला, टाकला. नाळ बांधली गेल्यावर ओहोटीनेच बोट मागे ताणून जेट्टीच्या फेंडरला, धक्का झेलणाऱ्या गादीला, अलगद लावली.

माणसं उतरल्यावर दोन्ही इंजिनं बंद, चाव्या माझ्या खिशात, मगच जेटवरचं झाकण उघडलं. हात आत घालताना चावी दुसऱ्या कुणाकडे ठेवायची नाही, हे मी सगळ्यांना सांगतो. आत तांदळाची फाटकी प्लास्टिक गोणी आणि तिच्यात पीळ पडलेली निळी नायलॉनची दोरी, इम्पेलरच्या पात्याभोवती इतकी घट्ट की सुरीने धागा धागा कापत अर्धा तास गेला. एका पात्याची कड बोटभर वाकली होती. या जेटचं तंत्र 1950च्या दशकात न्यूझीलंडमध्ये बिल हॅमिल्टन यांनी उथळ, दगडगोट्यांच्या नद्यांसाठी वाढवलं असं वाचलंय. गाळाच्या उथळ खाडीत ते आम्हालाही सोन्यासारखं आहे, पण आमच्या पाण्यात दगडांपेक्षा गोण्या जास्त.

इम्पेलरची कड सरळ करून घेतल्यावर अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी आणि पाणी संथ असताना, मी मुद्दाम एक इंजिन बंद ठेवून त्याच जेट्टीला बोट लावून बघितली. उजवं बंद ठेवून दहा वेळा, डावं बंद ठेवून दहा वेळा. डावं बंद असताना पहिल्या चार वेळा नाळ जेट्टीपासून लांब गेली. पाचव्यांदा खलाशी दोर हातात घेऊन सरळ पाय टाकून उतरला.