मधले नऊ लाख

बेळगावजवळच्या खानापुरात बावीस वर्षं मी दस्त लिहितो. दस्त कन्नडात असतो आणि माझ्याकडे येणारी निम्म्याहून जास्त माणसं मराठी. म्हणून सहीआधी सगळा मजकूर मराठीत वाचून दाखवायचा आणि रकमेपाशी थांबून दोन्ही बाजूंना विचारायचं, "एवढीच ना? पोचली ना?" बहुतेक वेळा दोघं मान हलवतात.

त्या दिवशी विकणाऱ्या मावशी सत्तरीच्या होत्या. यजमान गेल्यावर नावावर आलेली १८ गुंठे भातजमीन विकत होत्या. घेणारे बेळगावचे दुकानदार. दोघांची गाठ माझ्या टेबलापाशीच पहिल्यांदा पडली, कारण आधीचं सगळं बोलणं एजंटामार्फत झालं होतं. कर्नाटकच्या दस्तनोंदणीच्या कावेरी पोर्टलवर साडेअकराची वेळ मिळाली होती.

मी वाचलं : गुंठ्याला १,९०,०००, एकूण ३४,२०,०००.

"होय बाळा, एवढेच," मावशी म्हणाल्या.

दुकानदारांनी विचारलं, "आणि वरचे नऊ लाख? संचकाराच्या, विसाराच्या वेळी मी रोख दिलेले. मावशींना मिळाले ना?"

"कसले नऊ लाख?"

एजंट मोबाइलमध्ये बघत राहिला. मी हिशोब मांडला. दुकानदारांना गुंठ्याचा दर २,४०,००० सांगितला होता, म्हणजे ४३,२०,०००. मावशींना १,९०,००० सांगितला होता. मधले नऊ लाख त्याने ठेवले होते. वर दोन्हीकडून दोन-दोन टक्के कमिशन ठरलंच होतं, मावशींकडून ६८,४०० आणि दुकानदारांकडून ८६,४००.

"आमच्या धंद्यात असंच चालतं," तो म्हणाला. "मालकाला हवा तो दर मिळाला, घेणाऱ्याला जमीन मिळाली. मग माझं काय चुकलं?"

खरं सांगतो, मी दोन मिनिटं गप्प बसलो. महिन्याची चार-पाच कामं त्याच्याकडून यायची. पण मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली होती, आणि मला ते बघवेना.

मी म्हणालो, "हा दस्त आज होणार नाही."

कमिशनला माझा विरोध नाही. या माणसाने वारसाची नोंद करून घेतली होती, विक्रीआधी लागणाऱ्या मोजणीच्या ११-ई नकाशासाठी सर्व्हेच्या कार्यालयात खेटे घातले होते. त्याचे दोन टक्के त्याने उघड मागावेत, मी आनंदाने लिहून देईन. पण मालकाच्या नावावर घेतलेला पैसा मालकाचा असतो. १८७२ च्या करार कायद्याचं २१८ वं कलम हेच सांगतं, आणि २२० वं सांगतं की कामात गैरवर्तन करणाऱ्या एजंटाला त्या कामाचा मोबदला मागता येत नाही. दोन्ही कलमं त्याला मराठीत वाचून दाखवली. रेराचा २०१६ चा कायदा मी काढला नाही, कारण तो प्लॉट-फ्लॅटच्या प्रकल्पांतल्या एजंटांना लागतो, अशा शेतजमिनीच्या व्यवहाराला नाही. २०२० मध्ये कर्नाटकच्या जमीन सुधारणा कायद्यातली ७९अ आणि ७९ब ही कलमं गेली, शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येऊ लागली, आणि नेमक्या याच व्यवहारात म्हातारी माणसं उघडी पडली आहेत.

दुकानदारांनाही मी बजावलं. जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख देवघेव आयकर कायद्यात बसत नाही. नऊ लाख परत घ्या आणि डीडीने थेट मावशींच्या नावे द्या. मुद्रांक शुल्क वाढेल, तेही भरा. ते आधी कुरकुरले, मग तयार झाले आणि एजंटाला म्हणाले, "परवापर्यंत पैसे आले नाहीत तर मी पोलिसांत जातो."

तिसऱ्या दिवशी सगळे परत आले. एजंटाने पिशवी टेबलावर ठेवली, एक शब्द बोलला नाही. दुकानदारांनी पैसे मोजून घेतले आणि दुपारी बँकेतून डीडी आणला.

मावशींनी विचारलं, "त्याचं कमिशन किती ठरलेलं?"

"तुमच्याकडून ६८,४००. पण आता तुम्ही द्यायला बांधील नाही."

"वारसासाठी चार महिने फिरलाय तो. तेवढे दे त्याला, वर एक रुपया नको."

मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. पण पैसे त्यांचे होते. तेवढ्या रकमेची वेगळी पावती मी लिहिली, तिच्यावर त्यांनी अंगठा उठवला. एजंटाचीही सही घेतली.

मग ४३,२०,००० चा नवा दस्त पुढे ओढला. शाईचा अंगठा तसाच हवेत धरून मावशी म्हणाल्या, "थांब. पहिल्यापासून वाच बघू परत."