जुन्या डिझेल फोर-बाय-फोरचा क्लच: फ्लायव्हील उघडं पडल्यावरची नोंद

संशय क्लचवरच होता आणि तो खरा निघाला. लक्षण नेहमीचंच: पाचव्या गिअरला चढावर पाय दाबला की आरपीएमचा काटा वर चढतो, वेग मात्र जागच्या जागी. घसरणं आधी वरच्याच गिअरला कळतं. खालच्या गिअरला गाडी लगेच पळते, त्यामुळे क्लचच्या प्लेटवर (इंजिनाची ताकद घर्षणाने पकडणारी चकती) पूर्ण भार टिकत नाही. पाचव्याला टर्बो भरला की इंजिनाचा सगळा टॉर्क (फिरवण्याचा जोर) प्लेटवर येऊन बसतो आणि गाडी लवकर वेग घेत नाही. जोडीला आणखी एक आवाज होता. इंजिन बंद करताना शेवटच्या दोन-चार फेऱ्यांत बेल हाऊसिंगमधून (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं, क्लच झाकणारं कवच) खडखड यायची. त्यामुळे क्लच किट मागवतानाच फ्लायव्हीलचाही (क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या मागची जड चकती, जिच्यावर क्लच बसतो) विचार सुरू केला होता.

गिअरबॉक्स उतरवण्याबद्दल फार लिहीत नाही, मॅन्युअलमध्ये सगळं असतं. दोन-तीन गोष्टी तेवढ्या सांगतो. दोन्ही प्रॉपेलर शाफ्टच्या (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद नेणारे दांडे) फ्लँजवर, म्हणजे जोडाच्या चकत्यांवर, खुणा करा, म्हणजे परत त्याच जागी बसतील. ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समागची, ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) आधी वेगळी काढली तर गिअरबॉक्स जॅकवर बराच हलका पडतो आणि तोल सांभाळता येतो. बेल हाऊसिंगच्या वरच्या बोल्टना पान्हा लागत नसेल तर क्रॉस मेंबर काढून गिअरबॉक्सची शेपटी खाली येऊ द्या आणि मागून लांब एक्स्टेन्शन घाला. अशा वेळी इंजिन मागे कलतं, म्हणून पुढे रेडिएटरचा पंखा आणि होज ताणले जात नाहीत ना, यावर लक्ष हवं. बाहेर ओढताना गिअरबॉक्सचं वजन इनपुट शाफ्टवर (क्लच प्लेटमध्ये शिरणारा दांडा) लटकू द्यायचं नाही. बसवताना तर मुळीच नाही, कारण नव्या प्लेटचा हब (मधला भाग) तिथेच वाकतो.

आतली काळी धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या प्लेटच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि मास्क लावा.

प्लेट रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत झिजलेली होती. प्लेटला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या डायफ्राम स्प्रिंगच्या बोटांवर, पेडल दाबल्यावर त्यांना ढकलणाऱ्या रिलीज बेअरिंगने चकचकीत चर पाडलेला. हे सगळं अपेक्षितच होतं. खरी माहिती फ्लायव्हीलवर सापडली. घर्षणाच्या पृष्ठभागावर निळे डाग आणि केसासारख्या बारीक भेगा होत्या, म्हणजे उष्णतेचा मार. आणि बेल हाऊसिंगच्या आतल्या भिंतीवर, फ्लायव्हीलच्या रेषेत, काळ्या ग्रीसची गोल फेक उडालेली.

हे ड्युअल मास फ्लायव्हील आहे, म्हणजे दोन चकत्या, मध्ये कमानदार स्प्रिंगा आणि ग्रीस. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) ७५० आरपीएम धरले तर सेकंदाला २५ धक्के. डिझेलचे धक्के दणकट असतात. ते गिअरबॉक्सपर्यंत पोहोचण्याआधी या स्प्रिंगा गिळतात. क्लच घसरत राहिला की ती उष्णता फ्लायव्हीलमध्ये शिरते, ग्रीस पातळ होऊन बाहेर पडतं आणि स्प्रिंगा कोरड्या घासू लागतात. याउलट, वरच्या गिअरला कमी आरपीएमवर इंजिन रखडवत चालवलं तरी स्प्रिंगा पार दाबल्या जाऊन टोकाला आपटतात. माझ्या गाडीत दोन्ही झालं असावं. आधी ती ट्रेलर ओढायच्या कामावर होती. हाताने फिरवल्यावर मागची चकती सैल फिरत होती आणि डुलतही होती.

मग तोच जुना वाद: पुन्हा ड्युअल मास, की सॉलिड? सॉलिड फ्लायव्हील जवळजवळ अमर असतं, डाग पडले तर सरफेस ग्राइंडिंग करून पुन्हा वापरता येतं. ड्युअल मासच्या बाबतीत बहुतेक उत्पादक असं ग्राइंडिंग चालवून घेत नाहीत. पण सॉलिड बसवलं की सगळे धक्के प्लेटच्या हबमधल्या छोट्या स्प्रिंगांवर येतात. त्यांचा प्रवास फारच कमी. आयडलला गिअरबॉक्स खुळखुळ्यासारखा वाजतो, आणि आमच्या जातीच्या गाड्यांत मागे ट्रान्सफर केस व दोन शाफ्टही असतात, तिथली सैल जागाही बोलू लागते. माझ्या ट्रान्सफर केसमध्ये आधीच थोडा सैलपणा आहे, म्हणून मी ड्युअल मासच घेतलं. केवळ ट्रेलर ओढायची गाडी असती आणि त्याच इंजिनाला कारखान्यातूनच सॉलिड येत असतं, तर कदाचित उलट ठरवलं असतं.

जुन्या फ्लायव्हीलची रिंग गिअर (कडेची दातेरी कडी) बघून गंमत वाटली. दात समोरासमोरच्या दोनच ठिकाणी खाल्लेले. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळे साधारण त्याच दोन जागांवर थांबतं, त्यामुळे सेल्फचा पिनियन (छोटं दातेरी चाक) दर वेळी तिथेच घुसतो.

फ्लायव्हील निघालं तेव्हा क्रँकचं मागचं ऑइल सीलही बदललं. ते किंचित पाझरत होतं. पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) सील असेल तर ते कोरडंच बसवायचं, ओठाला तेल-ग्रीस लावायचं नाही. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे, कारण ते ठरलेल्या टॉर्कला आवळून वर आणखी ठरावीक अंश फिरवायचे आहेत आणि एकदा ताणलेले पुन्हा भरवशाचे नसतात. काही इंजिनांत या बोल्टची भोकं आरपार क्रँककेसमध्ये उघडतात. तिथे आट्यांना सीलंट लागतं, नाहीतर नवं सील बसवूनही तेल प्लेटवर येतं आणि दोष सीलला जातो.

पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक धरणारं), रिलीज बेअरिंग, फोर्क (त्याला ढकलणारा काटा) आणि स्लेव्ह सिलिंडर (पेडलच्या तेलाच्या दाबाने फोर्क हलवणारा) सरळ बदलले. एवढं उघडल्यावर जुनं स्लेव्ह परत लावणं मला पटत नाही. स्प्लाइनवर (इनपुट शाफ्टवरच्या उभ्या खाचा) ग्रीस अगदी पुसट लावलं, जादा झालं की फिरताना प्लेटवर उडतं. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे-थोडे आवळले. गिअरबॉक्स जोडताना गिअर टाकून मागचा आउटपुट शाफ्ट हळू फिरवला की स्प्लाइन आपोआप जुळतात. शेवटची फट बोल्टने ओढून मिटवायचा मोह आवरा. अडत असेल तर प्लेट मध्यावर नाही, एवढंच समजायचं.

सध्या आयडल शांत आहे, बंद करतानाची खडखड गेली, पेडल हलकं झालं आणि बाइट पॉइंट (क्लच पकडतो ती पेडलची जागा) खाली आला. पहिले काहीशे किलोमीटर ट्रेलर नाही, पूर्ण थ्रॉटल नाही. उलट शहरात थांबत-निघत चालवणं, म्हणजे प्लेट नीट बसेल. चिखलात किंवा चढावर सुरुवात लो रेंजमध्येच (ट्रान्सफर केसचा हळू पण जोरदार गिअर), तिथे क्लचला निम्म्याहून कमी मेहनत पडते.

एक काम उरलं आहे. लँड रोव्हरच्या बेल हाऊसिंगला खाली वेडिंग प्लग (पाणी आत शिरू नये म्हणून भोकाला लावायचं बूच) असतो. पाण्यात उतरण्याआधी तो लावायचा, बाहेर आल्यावर काढायचा. माझ्या गाडीलाही तसंच भोक आहे आणि त्यातला प्लग कायमचा घट्ट बसवलेला सापडला. पाझरलेलं तेल आतच साचत होतं. आता भोक मोकळं आहे. तिथे काळं इंजिन ऑइल दिसलं तर मागचं सील, गंधकाचा वास असलेलं दिसलं तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं. पुढच्या तपासणीत शाफ्टच्या फ्लँजचे बोल्ट पुन्हा टॉर्क करेन आणि भोक कोरडं असेल तर टो-बार (ट्रेलर जोडायचा दांडा) परत लावेन.