वेताळ टेकडीची अळ्यांची वही: घाणेरी, गिरिपुष्प आणि बोर

यंदाच्या पावसाळ्यापासून पुण्यातल्या वेताळ टेकडीवर उडणारी फुलपाखरं मोजायचं सोडून मी पानांवरच्या अळ्यांची नोंद ठेवतेय. याला कारण घाणेरी, म्हणजे बाहेरून आलेलं लँटानाचं झुडूप. तिच्या गुच्छांवर लाइम, कॉमन क्रो, पायोनियर असे सगळे मधुरसाला येतात, यादी बघता बघता लांबते आणि टेकडी भरलेली वाटते. पण यातलं एकही फुलपाखरू घाणेरीच्या पानावर अंडी घालत नाही. लाइमला लिंबाच्या कुळातलं झाड लागतं, पायोनियरला वाघाटीच्या गोतातलं, क्रोला कण्हेर नाहीतर वड-उंबरासारखं चिकाचं झाड. घाणेरीची जाळी दाट झाली की तिच्याखाली यातलं एकही रोप वर येत नाही. म्हणून आता उडणाऱ्यांपेक्षा खाणाऱ्यांकडे जास्त लक्ष.

पद्धत साधी आहे. पाऊस उघडून पानं सुकली की पांढरी छत्री फांदीखाली उलटी धरायची, काठीनं दोन-चार टोले द्यायचे आणि पडेल ते बघायचं. मग पानांची खालची बाजू. प्रत्येक जातीच्या सारख्याच फांद्या तपासते, नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

सगळ्यात ठळक फरक देशी बोर आणि बाहेरून आलेल्या गिरिपुष्पात (ग्लिरिसिडिया) दिसला. दोन्ही झाडं शेजारी उभी होती. बोरीच्या पानावर कुरतडलेल्या कडा, गुंडाळलेली पानं आणि कॉमन पिएरो फुलपाखराच्या अळीनं वरवर खरवडलेले लांबट, पांढुरके पट्टे. अळी स्वतः पानाच्याच रंगाची, चपटी. तिच्या पाठीवर मुंग्या फिरत होत्या म्हणून सापडली. गिरिपुष्पाची पानं मात्र बहुतेक जशीच्या तशी. नर्सरीवाले ज्याला 'निरोगी झाड' म्हणतात, तसं. टेकडीवर एवढी हिरवाई उभी असून तिला तोंड लावणारं जवळपास कोणी नाही, हे बघून मला खरोखर वाईट वाटतं.

गिरिपुष्पावर कीटकच नसतात, असं मात्र कोणी लिहू नये. हिवाळ्याच्या शेवटी गुलाबी फुलं आली की कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा लगडतो आणि त्यामागे ढालकिडे येतात. पण हा मावा कितीतरी शेंगवर्गीय झाडांवर जगतो. ज्यांचं एकाच झाडावाचून अडतं, त्यांच्यासाठी इथे काही नाही.

असं का होतं? प्रत्येक झाड पानात आपापली विषं ठेवतं. गाजरगवतात पार्थेनिन, घाणेरीत लँटाडीन. एखाद्या कीटकाला त्यातलं एक पचवायची सवय लागायला सहसा फार मोठा काळ जातो. एर्लिक आणि रेव्हन या जीवशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये फुलपाखरं आणि त्यांच्या खाद्यवनस्पतींची अशीच सांगड घातली होती. मादी पायांनी पानाची चव घेते, ओळख पटली तरच अंडी घालते. मेक्सिकोकडून आलेल्या गिरिपुष्पाची ओळख इथल्या कोणाला असणार? कुळ शेंगवर्गीयच आहे, पण माझ्या मते तेवढं पुरत नाही, जवळचं गोत लागतं.

झाड ओळखीचं वाटलं की चित्र पालटतं. टॉनी कोस्टर हे फुलपाखरू बघा. त्याची देशी खाद्यवनस्पती रतनपुरुष. पण दक्षिण अमेरिकेतून आलेल्या रानटी कृष्णकमळावर त्याच्या अळ्या मजेत वाढतात. पानाखाली पिवळ्या अंड्यांचा पुंजका आणि पुढे काटेरी, तांबूस अळ्यांची पंगत. प्लेन टायगरही रुईसोबत अमेरिकेतून आलेलं हळदीकुंकूचं झुडूप आनंदानं खातो. अर्थात ओळखीचं वाटणारं झाड घातकही ठरतं: ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग फुलपाखराची मादी बागेतल्या विदेशी अ‍ॅरिस्टोलोकियाच्या वेलीवर अंडी घालते आणि अळ्या विषानं मरतात. बागेसाठी वेल निवडताना हे लक्षात असू द्या.

गाजरगवताची गोष्ट आपल्या गावची. १९५५-५६ च्या सुमारास ते पुण्यातच नजरेत भरलं. त्याला खाणारा देशी कीटक मिळेना, म्हणून १९८४ मध्ये मेक्सिकोतून झायगोग्रामा भुंगेरे बंगळूरला आणून सोडले. पावसाळ्यात तेही आता टेकडीवर दिसतात, फिकट पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेले. माझ्या वहीत गाजरगवताच्या पानांना भोकं पाडणारे बहुतेक हेच, म्हणजे खाणाराही पाहुणाच.

हे सगळं पुढे पक्ष्यांपर्यंत पोचतं. शिंजीर मधुरसावर जगतो, पण पिल्लांना कीटकच भरवतो. शिंपी, वटवट्या यांचंही तेच. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या आसपास घरांच्या बागांमध्ये झालेला अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी अभ्यास करणाऱ्यांपैकी एक. बागेतल्या झाडोऱ्यात विदेशी वाटा ३० टक्क्यांच्या वर गेला की तिथल्या कॅरोलिना चिकडी या छोट्या पक्ष्याची संख्या टिकत नाही, असं त्यात दिसलं. हा आकडा आपल्या टेकडीला लावता येणार नाही, पण आपल्याकडेही असं कोणीतरी मोजायला हवं, असं फार वाटतं.

आता पुढचं काम खाजकोलतीच्या वेलीचं. जोकर आणि कॉमन कॅस्टर या दोन्ही फुलपाखरांच्या अळ्या ती खातात, आणि ती घाणेरीच्या कडेला अजून तग धरून आहे का ते बघायचंय. तळजाई किंवा बाणेर-पाषाण टेकडीवर कोणी फिरत असेल तर बोर आणि गिरिपुष्पाच्या सारख्या फांद्या तपासून कळवा. अळीचं नाव नाही आलं तरी चालेल, पान कितपत खाल्लंय एवढं लिहा आणि पानाच्या खालच्या बाजूचा फोटो जोडा.