प्लग बदलून भागलं नाही, कॅप मोजावी लागली

माझी मोटरसायकल जुनी आहे. एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक, पॉइंट-कंडेन्सरचं इग्निशन, म्हणजे ठिणगी देणारी जुनी, बिनइलेक्ट्रॉनिक व्यवस्था. थंड असताना एका किकमध्ये सुरू व्हायची, पण पंधरा-वीस मिनिटं चालून इंजिन तापलं की चढावर ॲक्सिलरेटर पिळताच मिसिंग मारायची. सपाटीवर, हळू चालवताना काहीच नाही. मी कार्बोरेटर दोनदा उघडून साफ केला, पॉइंट घासून गॅप लावली, कंडेन्सर नवा टाकला. प्लग काढला की काळा, कोरडी काजळी धरलेला. नवा टाकायचो, आठवडाभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

सगळ्यांचा सल्ला एकच होता, गरम नंबरचा प्लग टाक. मीही त्या मोहात पडलो होतो. टाकला नाही, हे बरं झालं. प्लगचा हीट रेंज म्हणजे त्याच्या टोकाची उष्णता हेडमध्ये किती पटकन उतरते त्याचं माप; हळू उतरली तर प्लग गरम, पटकन उतरली तर थंड. टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तर काजळी आपोआप जळून जाते, आणि ८०० च्या पुढे गेलं की ठिणगीची वाट न बघता मिश्रण पेटू लागतं. ठिणगीच अशक्त असेल तर मिश्रण नीट जळत नाही आणि प्लग काळा पडतो. अशा वेळी गरम प्लग टाकला तर काळेपणा झाकला जातो, दुखणं जागेवरच राहतं आणि लांबच्या, जोरातल्या प्रवासात पिस्टनला धोका वाढतो.

आणि नंबर वाचतानाही फसायला होतं. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड. डेन्सोचंही तसंच, फक्त आकडे वेगळे. डेन्सोचा २२ म्हणजे एनजीकेचा ७. पण बॉश आणि चॅम्पियनच्या नेहमीच्या प्लगमध्ये उलटं, आकडा मोठा तितका प्लग गरम. एका कंपनीचा नंबर दुसरीच्या प्लगवर शोधू नये, तुलनेचा तक्ताच बघावा.

खरं दुखणं कॅपमध्ये होतं, म्हणजे कॉइलकडून (ठिणगीसाठी मोठं व्होल्टेज तयार करणारा भाग) आलेली वायर प्लगला जोडणाऱ्या टोपणात. त्याचा पत्ता लागला तो एका रात्री. दिवा बंद करून, गाडी आयडलला ठेवून मी कॅपच्या आसपास बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारला, हात लांब ठेवून. कॅपच्या रबरी ओठाखालून हेडच्या फिनवर (इंजिन थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीवर) एक निळसर धागा उडाला. मग दुसरा. टिक, टिक, असा आवाजही येत होता, जो दिवसा इंजिनाच्या आवाजात कधी कानावर पडलाच नसता. जी ठिणगी सिलिंडरच्या आत पडायची ती बाहेरच्या बाहेर निघून जात होती.

इंजिन बंद करून कॅप वायरीवरून फिरवून काढली. कॅपवर ५ किलोओम छापलेलं होतं, म्हणजे आतल्या रेझिस्टरचा करंटला होणारा अडथळा. मल्टिमीटरची एक पिन वायर बसते त्या स्क्रूला, दुसरी आत प्लगचं टोक धरणाऱ्या क्लिपला लावली. रीडिंग १२ आलं. कॅप जरा वाकवली तर ३० च्या वर गेलं आणि सोडली की परत खाली. एका जागी ठरतच नव्हतं. इतके महिने मी प्लगच बदलत होतो आणि कॅपला एकदाही मीटर लावला नव्हता.

त्याच झटक्यात प्लगही मोजला. साध्या प्लगचं वरचं टोक ते मधला इलेक्ट्रोड मोजलं तर मीटर जवळपास शून्य दाखवतो. माझ्या प्लगने ५ च्या आसपास दाखवलं. अंगावरचा कोड नीट वाचला: बीआर७ईएस. गाडीच्या पुस्तकात होता बी७ईएस. मधला आर म्हणजे प्लगच्या आतच रेझिस्टर. म्हणजे प्लगमध्ये ५, कॅपमध्ये ५, आणि त्यावर कॅपचा बिघाड.

आधी मी सगळं खापर त्या आरवर फोडणार होतो, पण हिशेब केल्यावर मत बदललं. ठिणगी उडण्याआधी वायरीतून करंट जवळपास नसतोच, त्यामुळे रेझिस्टर व्होल्टेज चढण्याच्या फारसा आड येत नाही. ठिणगी पेटल्यावर करंट दोन आकडी मिलिअँपिअर असतो. ४० धरले, तर ५ किलोओमवर २०० व्होल्ट खर्च होतात, आणि कॉइल हजारोंनी व्होल्ट देते. धडधाकट इग्निशन १० किलोओमने बंद पडत नाही. माझ्या गाडीला नडलं ते आतून तुटलेलं, जागा बदलणारं रेझिस्टन्स. तिथे कॅपच्या पोटातच दुसरी गॅप तयार झाली होती आणि करंट प्लगच्या गॅपआधी तिथून उडी मारत होता. ताप आला की तुटलेली टोकं आणखी लांब जात असावीत, म्हणून थंड गाडी चांगली चालायची.

तरीही नवीन घेताना मी पुस्तकाचं ऐकलं. प्लग बिनआरचा, रेझिस्टर कॅपमध्ये, एकाच ठिकाणी. रेझिस्टर अजिबात नको असंही काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. तो रेडिओतली खरखर दाबतो, इलेक्ट्रोडची झीजही कमी करतो. सीडीआय किंवा इतर इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत तर त्या विद्युत गोंगाटाने सर्किटच गोंधळू शकतं, तिथे जे सांगितलंय ते तसंच ठेवावं.

कॅप निवडताना कोड वाचायला शिकलो. मी एनजीकेची एलबी०५एफ आणली: ०५ म्हणजे ५ किलोओम, आणि शेवटचा एफ म्हणजे प्लगच्या डोक्यावरचं छोटं नट काढून नुसत्या आट्यांवर बसणारी. ई असेल तर नट तसंच ठेवायचं. हे साधं दिसतं, पण इथेच चुकतं. ई-वाली कॅप बिननटाच्या प्लगवर सैल बसते, आत ठिणग्या उडतात आणि नवी कॅप काही दिवसांत जळते. नट ठेवायचं असेल तर पकडीने हलकं आवळून घ्यावं, कारखान्यातून ते नेहमी घट्ट येतंच असं नाही. कॅपचा कोन टाकीखाली अडत नाही ना, तेही आधी बघितलं.

वायर कॉइलमध्येच ओतून बसवलेली, म्हणून कापायला भीती वाटत होती. तरी टोकाचे ६ मिलिमीटर कापले. आतली तांब्याची तार हिरवी-काळी पडलेली होती, कापल्यावर लालसर चकचकीत निघाली. कॅपचा स्क्रू त्या तारांच्या बरोबर मधोमध शिरेल असा धरून घड्याळाच्या दिशेने फिरवला, ओढून बघितलं, निसटली नाही.

प्लगची लांबीही ताडली. प्लगच्या कोडमध्ये ई म्हणजे १९ मिलिमीटर आटे, एच म्हणजे १२.७ (कॅपच्या कोडमधला ई वेगळा). छोटा टाकला तर हेडमधले उघडे आटे काजळीने भरतात, लांब टाकला तर पिस्टन आपटू शकतो. गॅप पुस्तकात ०.६ ते ०.७ दिलेली, फीलर गेजने ०.६५ ठेवली, बाजूचा इलेक्ट्रोडच वाकवून, मधल्याला हात न लावता. इंजिन थंड असतानाच प्लग हाताने शेवटपर्यंत फिरवला आणि वायसर टेकल्यावर पान्याने अर्धा फेरा दिला. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये याहून जास्त जोर लावण्याचं धाडस मी करत नाही.

दोनेकशे किलोमीटरनंतर, एका लांब चढावर जोरात चालवून तिथेच इंजिन बंद करून थांबलो आणि थोडं निवल्यावर प्लग काढला. पोर्सिलेन फिकट तपकिरी, बुडाशी काजळीची बारीक कडा, इलेक्ट्रोडच्या कडा धारदार. त्या रात्री पुन्हा अंधारात फवारा मारला. काही दिसलं नाही.

जुनी कॅप फेकण्याआधी उघडली. आतला पितळी स्क्रू पेचकसाने फिरवला तर स्प्रिंग आणि रेझिस्टरची कांडी बाहेर आली. कांडीचं एक टोक काळं पडून खचलं होतं आणि स्प्रिंगच्या शेवटच्या वेढ्यावर जळाल्याचा खड्डा होता. नवी कॅप आता प्लग काढतो तेव्हा प्रत्येक वेळी मीटरला लावतो. परवा ५.०८ आलं.