लीजनला मी विकलं होतं

मागच्या दिवाळीत सांगलीला घरी गेले होते. आईने माळा आवरायला काढला होता आणि एका खोक्यात माझी इंजिनिअरिंगची जर्नल्स निघाली. रद्दीत टाकायच्या आधी सहज चाळत होते, तर एकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने लिहिलेली एक ओळ दिसली, तीन तीन अक्षरांचे तुकडे आणि मधे टिंबं. बघणाऱ्याला वाटेल कुठला तरी पासवर्ड असेल. मला बघताक्षणी कळलं, तो माझ्या शेपर्डचा चेहरा होता.

ज्यांनी मास इफेक्ट खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तीन गेम्स, पहिला 2007 चा, दुसरा 2010 चा, तिसरा मार्च 2012 चा, आणि तिन्हींत आपण एकच माणूस, कमांडर शेपर्ड. बाई का पुरुष, चेहरा कसा, स्वभाव कसा, सगळं आपण ठरवायचं, आणि पहिल्या भागात कुणाला वाचवलं कुणाला मरू दिलं ते तिसऱ्या भागापर्यंत आपल्या मागे येतं कारण सेव्ह फाइल एका गेममधून दुसऱ्यात नेता येते. रीपर नावाची अजस्र यंत्रं दर पन्नास हजार वर्षांनी येऊन आकाशगंगेतल्या सगळ्या प्रगत जमाती संपवून टाकतात आणि आता आपली पाळी आलीये, ही गोष्ट. चेहरा बनवला की गेम त्याचा एक कोड देतो, तो दुसरीकडे टाकला की तोच चेहरा परत मिळतो. माझ्या सेव्ह फाइल्स दादाच्या जुन्या पीसीच्या हार्ड डिस्कबरोबर कधीच गेल्या. पण कोड राहिला होता, कंट्रोल सिस्टिम्सच्या जर्नलमध्ये.

2012 च्या मे महिन्यात पेपर संपल्यावर मी तिसरा भाग खेळले. दादाचा पीसी, दुपारी लोडशेडिंग, त्यामुळे रात्रीच खेळायचं, आवाज कमी ठेवून कारण शेजारच्या खोलीत आई-बाबा झोपलेले. शेवटाला पोचले तेव्हा पहाट झाली होती. शेपर्ड रक्तबंबाळ होऊन कशीबशी वर पोचते आणि तिथे एक पारदर्शक लहान मुलगा येतो, जो त्याआधी या रूपात आपल्याला कधीच भेटलेला नाही, आणि तो सांगतो की रीपर मी चालवतो, माणसांनी बनवलेली यंत्रं नेहमीच माणसांवर उलटतात म्हणून हे सगळं करावं लागतं. मग तीन वाटा. डावीकडे निळी, रीपरवर ताबा मिळवायचा. उजवीकडे लाल, रीपर नष्ट करायचे आणि त्यांच्याबरोबर सगळी विचार करणारी यंत्रंही जातील. मधली हिरवी, सगळ्या सजीवांचं आणि यंत्रांचं मिश्रण. मी सरळ उजवीकडे गेले. अर्धा मिनिटही थांबले नाही. लाल प्रकाश पसरला, आपलं जहाज नॉर्मंडी कुठल्या तरी जंगलात पडलं, आणि संपलं. तीन गेम्स आणि शंभरच्या वर तास, आणि फरक काय तर प्रकाशाचा रंग.

मी रडले नाही, मला राग आला होता. तसा राग जगभर आला होता. लोकांनी निषेध म्हणून गेम बनवणाऱ्या स्टुडिओला चारशे कपकेक पाठवले, लाल, निळे आणि हिरवे, आणि तिन्ही रंगांची चव एकच. त्याच मोहिमेतल्या लोकांनी हॉस्पिटलमधल्या लहान मुलांना खेळणी आणि गेम्स देणाऱ्या एका संस्थेसाठी 80 हजार डॉलर्सच्या वर पैसे जमवले, ही गोष्ट मला आजही फार आवडते, नुसता राग काढून थांबले नाहीत ते. 26 जूनला वाढवलेला शेवट फुकट आला. दोन जीबीच्या आसपास डाउनलोड होतं, आमच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ अनलिमिटेड असायचं, दोन रात्री लावून उतरवलं. थोडं समाधान झालं, शेवटी कोण कुठे गेलं ते कळलं, पण मनातला काटा तसाच राहिला. नंतर नोकरी, पुणं, लग्न, आणि बारा-तेरा वर्षं मी त्या गेमकडे वळूनही पाहिलं नाही. कुणी विषय काढला तर म्हणायचे की शेवट सोडला तर मस्त आहे.

2021 च्या मे महिन्यात तिन्ही भाग नव्याने सुधारून लेजेंडरी एडिशन नावाने एकत्र आले होते. जर्नल घेऊन पुण्याला परत आले, त्याच आठवड्यात सेलमध्ये घेतली. पहिल्या भागाला माझा कोड चालला. एकेक अक्षर टाईप केलं, शून्य का ओ म्हणून दोनदा अडकले, आणि समोर ती आली. भुवईवर तोच व्रण, केस तेच लालसर, थोडी जास्त स्पष्ट दिसत होती इतकंच. मी बराच वेळ नुसती बघत बसले.

आता मला जे सांगायचंय ते लीजनबद्दल आहे.

गेथ म्हणजे क्वेरियन नावाच्या जमातीने बनवलेली यंत्रं. त्यांच्यातल्या एकाने कधीतरी आपल्या मालकाला विचारलं की मला आत्मा आहे का, आणि क्वेरियन लोक घाबरले, त्यांनी गेथना मारायला सुरुवात केली, गेथनी प्रतिकार केला आणि क्वेरियन लोकांनाच आपला ग्रह सोडून पळावं लागलं. तेव्हापासून तीनशे वर्षं ते जहाजांच्या ताफ्यात राहतात, सतत मास्क आणि सूट घालून. आपल्या टीममधली टाली त्यांच्यातलीच. दुसऱ्या भागात एका मेलेल्या रीपरच्या पोटात आपल्याला एक गेथ सापडतो, हाच लीजन, तो आपला जीव वाचवतो आणि बेशुद्ध पडतो. मग गेम विचारतो, याला चालू करायचं का सर्बरस नावाच्या संघटनेला देऊन टाकायचं? दिला तर क्रेडिट्स मिळतात.

2010 मध्ये दादा शेजारी बसला होता. तो म्हणाला, "विकून टाक गं त्याला, गेथ आहे तो, पहिल्या भागात यांनाच तर मारत होतो, पैशात गन अपग्रेड होईल." मी विकलं. अपग्रेड कुठलं घेतलं ते आठवतही नाही.

ह्या वेळेला मी त्याला चालू केलं. मेडबेच्या, म्हणजे जहाजावरच्या दवाखान्याच्या, मागे एआय कोअरची छोटी खोली आहे, अंधारी, तिथे तो उभा असतो. बसायला खुर्ची नाही, त्याला लागतही नाही. चेहऱ्याच्या जागी एक दिवा आणि त्याच्याभोवती पट्ट्या, बोलताना त्या भुवयांसारख्या वरखाली होतात, आणि तेवढ्यावरून तो गोंधळलाय का त्याला कुतूहल वाटतंय ते कळतं. एका शरीरात 1183 प्रोग्रॅम्स राहतात म्हणून तो स्वतःला कायम "आम्ही" म्हणतो. त्याच्या छातीला मोठं भोक पडलेलं आहे आणि ते शेपर्डच्याच जुन्या चिलखताच्या तुकड्याने बुजवलंय. तिने विचारलं, हा तुकडा का? तो म्हणतो, भोक होतं. ती परत विचारते, पण माझाच का, दुसरं काहीही लावता आलं असतं. आणि इथे त्याच्या पट्ट्या हलतात, तो थांबतो, जो एका सेकंदात हजार गोष्टी ठरवतो तो थांबतो, आणि म्हणतो माहिती उपलब्ध नाही.

मी कंट्रोलर खाली ठेवला. ह्याला मी विकलं होतं.

तिसऱ्या भागात सर्बरसच्या तळावर तो माझ्यासमोर शत्रू म्हणून आला होता हेही तेव्हा आठवलं. 2012 मध्ये गोळ्या घालून पुढे गेले होते, मला तो रस्त्यातला एक चिवट गेथ वाटला होता. आणि रॅनॉखवर, म्हणजे क्वेरियन लोकांच्या मूळ ग्रहावर, त्याच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा एक कोरडा प्रोग्रॅम आला होता, तो असला की दोन्ही जमातींमध्ये समेट होऊच शकत नाही. एकाला निवडावं लागतं. टालीसाठी मी क्वेरियन निवडले आणि गेथ सगळे संपले. वाईट वाटलं होतं थोडं, पण ते गेथ म्हणजे माझ्यासाठी मोठा आकडा होता, ओळखीचा कुणी नव्हता.

ह्या वेळी समेटासाठी मी काय काय केलं! दुसऱ्या भागात टालीवर देशद्रोहाचा खटला चालतो तिथे तिच्या वडिलांची बदनामी होऊ न देता तिला वाचवलं, तिचं आणि लीजनचं भांडण मिटवलं, तिसऱ्या भागात अॅडमिरल कोरिसला वाचवलं जो युद्धाच्या विरोधात बोलत होता, गेथच्या सर्व्हरमध्ये शिरले. ह्यातलं पुरेसं जमलं नाही की शेवटी तो संवादाचा पर्याय करडा दिसतो, निवडताच येत नाही. रॅनॉखच्या त्या कड्यावर पोचले तेव्हा हात अक्षरशः घामेजले होते. पर्याय उजळलेला होता. शेपर्डने ताफ्याला ओरडून सांगितलं आणि गोळीबार थांबला. आणि लीजन म्हणाला की बाकीच्या गेथना नुसता कोड पाठवून होणार नाही, मला स्वतःला वाटून टाकावं लागेल. टाली त्याला म्हणते, लीजन, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हो असं होतं. तोच जुना आत्म्याचा प्रश्न. तो म्हणतो, मला माहितेय, पण धन्यवाद. आम्हाला नाही, मला. तेही त्या शेवटच्या क्षणांतच. मग गुडघ्यावर बसला आणि डोळ्यातला दिवा गेला.

त्यानंतर टाली कड्याच्या टोकाला बसून मास्क काढते आणि आपल्या ग्रहाची हवा उघड्या चेहऱ्यावर घेते, पाठमोरीच दिसते आपल्याला. थोड्या वेळाने मास्क परत लावते. मी त्या रात्री पुढे खेळलेच नाही.

पुढे दोन आठवड्यांनी शेवटाला पोचले. तोच मुलगा, तेच बोलणं. आणि मी अजूनही म्हणेन की तो मुलगा चुकलेला आहे, गोष्टीतही आणि गोष्ट लिहिण्यातही, ह्या मतात तसूभर फरक पडलेला नाही. तो म्हणतो यंत्रं आणि माणसं एकत्र राहूच शकत नाहीत, आणि खाली रॅनॉखवर दोघं एकत्र घरं बांधतायत, माझ्या डोळ्यांदेखत झालेली गोष्ट आहे, पण ते त्याच्या तोंडावर सांगायचा पर्याय काही मला मिळाला नाही. 2012 मध्ये मला हा राग आलाच नव्हता कारण तेव्हा माझ्याकडे दाखवायला रॅनॉख नव्हतं. तेव्हाचा माझा राग रंगांबद्दल होता.

मग मी उजवीकडे चालायला लागले, सवयीने. आणि चार पावलांवर थांबले.

लाल म्हणजे गेथ गेले. इडी पण गेली, नॉर्मंडीची एआय आणि तिचा आवाज, जिने पायलट जोकरबरोबर नुकतं आयुष्य सुरू केलंय. पहिल्या वेळी हीच वाट मला फुकट पडली होती, कारण त्याची किंमत मी आधीच, दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या भागात मोजून बसले होते. गेथ शिल्लकच नव्हते तर मरणार कोण? म्हणून तो शेवट पोकळ लागला. सगळ्यांना तो माझ्याच कारणाने पोकळ लागला असं मी म्हणत नाही, लोकांची कारणं वेगळी होती आणि बरीचशी खरी होती. पण माझा शेवट मी स्वतः रिकामा केला होता, आणि इतकी वर्षं मला ते ठाऊकच नव्हतं.

गेम पॉज केला. चहा ठेवला, प्यायले नाही. नवरा आत येऊन म्हणाला, "अजून झालं नाही का तुझं?" मी त्याला सगळं सांगितलं, गेथ काय, रॅनॉख काय, निळ्यात शेपर्ड स्वतः जाते पण बाकी सगळे वाचतात, लालमध्ये ती कदाचित वाचू शकते. तो यातलं काही खेळत नाही, पण शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुला तर माहितेय तू काय करणार आहेस."

मी डावीकडे गेले. जी वाट मला सगळ्यात खोटी वाटायची, कारण तिसऱ्या भागातला खलनायक पूर्ण वेळ हेच मागत असतो. शेपर्डने दोन्ही दांडे घट्ट धरले आणि ती हळूहळू संपली, जर्नलमधल्या त्या कोडसकट. नंतर चित्रं येतात, तिचा आवाज येतो, आणि नॉर्मंडीवर मेलेल्यांच्या नावांची एक भिंत आहे तिथे तिच्या नावाची पट्टी घेऊन टीममधला गॅरस उभा राहतो. माझ्या शेपर्डचं गॅरसशी जुळलेलं होतं. पट्टी लावण्याआधी तो ती क्षणभर हातात धरून ठेवतो. इथे मात्र मी रडले.

रात्री साडेअकराला दादाला फोन केला. तो नाशिकला असतो, त्याची मुलं झोपली होती, तो हळू आवाजात बोलत होता.

"संपवला परत. मास इफेक्ट."

"कुठला शेवट घेतलास?"

"निळा."

"निळा? तू?" मग थोडा वेळ तो काही बोलला नाही. "त्या गेथला ठेवलंस म्हणजे ह्या वेळी."

"हो. चालू केलं त्याला."

"मीच तुला विकायला लावला होता."

"दाबलं तर मीच होतं ना, दादा."

"मग आहे का तो?"

"नाही रे. तो रॅनॉखवर गेला. पण बाकीचे आहेत सगळे."